कोबाल्ट अकरा दिवस गैरहजर

१

मंगळवारी सकाळी अच्युत सरांचा फोन आला. त्यांच्या प्रयोगशाळेतून चुंबकत्व चोरीला गेलं होतं.

"किती नग?" मी विचारलं. कॉलेजच्या सामानाची बत्तीस वर्षं पडताळणी केली की निवृत्तीनंतरही जिभेवर आधी हाच प्रश्न येतो.

"थट्टा नका करू, विनताताई. पोरीचं नाव जाऊन राहिलंय."

अच्युत सर आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख. माणूस असा की खोटं बोलणाऱ्यालाही आधी बसायला खुर्ची देईल. जबलपूरच्या ओमती पोलीस ठाण्यात जाऊन 'साहेब, आमचा कोबाल्ट गेल्या आठवड्यापर्यंत वळत होता, आता वळत नाही' असं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही, म्हणून माझी आठवण झाली.

मी पोचले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक टाइप केलेलं पत्र होतं. सही तेवढी राहिली होती. गुरुवारी बाहेरून तिघांची समिती येणार होती आणि तिला हे पत्र द्यायचं होतं. मेघना या त्यांच्या संशोधक विद्यार्थिनीने सहा महिने दाखवलेला परिणाम आता मिळत नाही, नमुना बदलल्याचा किंवा आकडे बनावट असल्याचा संशय आहे, सबब तिचं संशोधन थांबवण्यात यावं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतो? सहा तारखेला मी स्वतः तिच्या बाजूला उभा होतो. काही झालं नाही. मग अनुपमने चार दिवस मोजलं. त्यालाही काही नाही."

"खोलीत कोणकोण जातं?"

"मी, मेघना, अनुपम. आणि झाडायला, पुसायला, सामान आणायला पुंडलिकभाऊ."

चार माणसं. मी वहीत चार पानं केली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे या माणसाला यातून काय मिळेल, उजवीकडे काय जाईल. मेघनाच्या पानाची उजवी बाजू पहिल्या पाच मिनिटांत भरली. डावी कोरीच राहिली, आणि तिथेच मला हे प्रकरण आवडायला लागलं.

२

मेघना वाचनालयात खिडकीपाशी बसली होती. तिची किल्ली काढून घेतली होती, त्यामुळे हातांना काम नव्हतं. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, एवढंच चाललेलं.

"मावशी, तुम्हाला सगळं समजावून सांगू की थोडक्यात?"

"मी स्टोअरची बाई. सामान काय होतं तेवढं सांग."

तिने सांगितलं. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर कोबाल्टचा थर, चार-पाच अणूंच्या जाडीचा.

"आमच्या जाऊबाईंच्या पुरणपोळीत पुरण एवढंच असतं," मी म्हटलं. ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली असावी, कारण मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

कोबाल्टवर ऑक्साइडचा थर आणि सगळ्यात वर सोन्याच्या बारीक टिकल्या. एरवी कोबाल्टचं चुंबकत्व उभं असतं, थरातून वर डोकं काढून. टिकलीला चार व्होल्ट दिले की ऑक्साइडमधले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, जागा सोडून सरकतात. कोबाल्टला ते जाणवतं आणि चुंबकत्व आडवं होतं. व्होल्टेज काढलं की थोड्या वेळाने पुन्हा उभं. तुकडा काचेच्या झाकणबंद पेटीत ठेवायचा आणि लेझरचा किरण टाकून ते पडद्यावर बघायचं: उभं असेल तर चौकोनी वळसा, आडवं झालं तर तिरकी रेघ.

"याचा उपयोग काय?"

"कॉम्प्युटरच्या मेमरीतलं चुंबकत्व फिरवायला आज प्रवाह सोडावा लागतो. तापतं सगळं. हे नुसत्या व्होल्टेजने होतं, प्रवाह जवळपास नाहीच. म्हणून तर सर एवढे खूष होते." टोपण पुन्हा लागलं. "चार तारखेला शेवटचं छान झालं. सहाला सरांसमोर काहीच नाही. चौकोन तसाच. चार व्होल्ट, पाच व्होल्ट, काही नाही."

"मग तुला काय वाटतं, काय झालं?"

"कोणीतरी माझा तुकडा बदलला." तिने आवाज खाली घेतला. "मावशी, मी नाव नाही घेणार. पण राखीच्या दिवशी कॉलेज बंद होतं, आणि कपाटाच्या किल्लीच्या रजिस्टरमध्ये अनुपमची सही आहे."

३

अनुपम मराठी घरातला, पण मराठी त्याला ऐकायला येते आणि बोलायला हिंदी. दोन्हींच्या मधल्या वाटेवर तो माझ्याशी बोलला.

"दीदी, मी झूठ नाही बोलून राहिलो. चार दिवस मोजलं. फ्लॅट. एकदम फ्लॅट."

"राखीला बहीण नव्हती का घरी?"

त्याने लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाला, "दीपा आली होती मंडलाहून. दुपारी जेवायला गेलो तर थाळी झाकून ठेवली होती आणि ती बोलत नव्हती."

"मग काहून गेला होतास लॅबमध्ये?"

"ऐसे ही."

जगात ऐसे ही काही होत नाही, विशेषतः राखीच्या दिवशी. समितीकडे एकच शिष्यवृत्ती होती. मेघना गेली की ती याची. त्याच्या पानाची डावी बाजू भरलेली होती, आणि असं पान बघितलं की माझ्यासारखीची लेखणी आपोआप चालते. मी आवरली.

"अनुपम, तू त्या दिवशी काय मोजलंस ते कागद दाखव."

त्याने लॅपटॉप उघडला. राखीच्या एका दिवसात एकवीस मोजण्या. प्रत्येकीत थोडं काहीतरी बदललेलं: तारा नव्याने जोडल्या, दुसरी टिकली घेतली, व्होल्टेज वाढवलं, तासभर थांबला. एखाद्याला बुडवायचं असेल तर एक मोजणी पुरते. एकवीस वेळा माणूस तेव्हाच करतो जेव्हा त्याला उत्तर 'हो' यायला हवं असतं.

"तू तिला वाचवायला बघत होतास."

"दीदी, प्लीज सांगू नका तिला," तो म्हणाला. "जमलं तर नाही ना."

त्याच्या पानावरची डावी बाजू मी खोडली. खोडताना बरं वाटलं, हे लपवत नाही.

४

आता तुकडा. बदलला की नाही हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही, पडताळणी लागते. मेघनाने मार्चमध्ये नमुन्याचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून फायलीत लावला होता. सोन्याच्या चोवीस टिकल्या, चार ओळी. तिसऱ्या ओळीतली दुसरी टिकली अर्धीच उमटलेली, कोणी कडेने चावा घेतल्यासारखी.

अच्युत सरांनी स्वतः डबी उघडून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सर, अनुपम आणि मी, तिघं वाकलो.

चोवीस टिकल्या. तिसरी ओळ, दुसरी टिकली, अर्धी. चाव्याच्या कडेला फोटोत एक केसाएवढा ओरखडा होता, तोसुद्धा जागच्या जागी.

"हा तोच तुकडा आहे," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

मला कळलं त्यांचा चेहरा का पडला. चोरी झालीच नव्हती, म्हणजे चोरही नव्हता. राहिली फक्त मेघना आणि तिचे सहा महिन्यांचे आकडे. सरांनी पत्रावर सही करायला खिशातून पेन काढलं.

"सर, गुरुवारला अजून एक दिवस आहे," मी म्हटलं. "तिची रोजची वही द्या मला. आणि प्रयोगशाळेची सगळी रजिस्टरं. सगळी म्हणजे सगळी."

५

बुधवारची सकाळ मी रजिस्टरांत घालवली. यात माझ्यासारखीला जो आनंद मिळतो तो बोलून दाखवण्यासारखा नाही.

मेघनाची वही स्वच्छ. रोज तारीख, टिकली, व्होल्टेज, निकाल. मार्चपासून ऑगस्टच्या चार तारखेपर्यंत जवळजवळ रोज बरोबरची खूण. पण मध्येच एक पट्टा वेगळा. एकोणतीस एप्रिल ते नऊ मे, रविवार धरून अकरा दिवस, रोज एकच शब्द: 'नाही.' शेवटच्या दिवशी खाली बारीक अक्षरात: 'तार सैल असावी. मला रडू येऊन राहिलंय.' दहा तारखेला पुन्हा बरोबरची खूण.

मी वाचनालयात गेले.

"हे अकरा दिवस कोणाला सांगितले होतेस?"

"नाही." तिने मान खाली घातली. "नंतर आपोआप ठीक झालं म्हणून. सांगायला हवं होतं ना?"

"हवं होतं. पण वहीतून फाडले नाहीस, हे त्याहून मोठं." आकडे बनवणारा माणूस स्वतःचे नापास दिवस बनवत नाही, आणि बनवलेच तर रडू येतं म्हणून लिहीत नाही. माझ्यापुरती मेघना त्या क्षणी सुटली. समिती मात्र माझ्यापुरती नव्हती.

म्हणजे कोबाल्ट दोनदा गैरहजर राहिला होता. एप्रिल-मेच्या सांध्यावर अकरा दिवस, आणि आता सहा ऑगस्टपासून. त्या दोन्ही वेळांत सारखं काय होतं? बाकीची रजिस्टरं मी एकेक उघडत गेले. वीज गेल्याची नोंद, जुळत नाही. पाहुण्यांची नोंद, जुळत नाही. मग दुरुस्तीचं रजिस्टर, पुंडलिकभाऊंच्या गोल हिंदी अक्षरात. *२९ अप्रैल, कूलर का पंप जल गया.* आणि त्याच ओळीच्या शेवटी: *१० मई, नया पंप लगा.*

अकरा दिवस. मी बोटांवर पुन्हा मोजले.

मे महिन्यात आमच्या जबलपुरात कूलर बंद पडला की खोलीत दोन गोष्टी होतात. खोली तापते, आणि खोली सुकते. पण आता ऑगस्ट होता, खिडकीच्या चौकटी फुगून बसल्या होत्या, आणि कूलर केव्हाच झाकून ठेवला होता. मग आता कोण सुकलं?

सामान-वाटपाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि माझं बोट थांबलं. *५ अगस्त, सिलिका जेल, एक किलो, पुंडलिक.*

आणि मला आठवलं, काल प्रयोगशाळेत शिरताना हॉटप्लेटवर स्टीलच्या ताटात गुलाबी दाणे पसरलेले होते. मला वाटलं होतं, कोणीतरी साबुदाण्याला रंग लावलाय.

६

पुंडलिकभाऊ स्टुलावर बसून डबा उघडत होते. खमरियाहून सकाळच्या बसने येणारा हा माणूस तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं बारुदीच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे ठेक्यावर लागला.

"भाऊ, ते दाणे कशाचे?"

"सुकवायचे दाणे हायेत, दीदी. निळे असले म्हणजे कोरडे. ओल पिली की गुलाबी होते. सकाळी तापवतो, परत निळे."

"कुठे ठेवता?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. जेवण राहिलं. "मोजायच्या पेटीत," ते सावकाश म्हणाले. "चबुतऱ्याच्या खाली, काळ्या कापडामागं. चार पिशव्या शिवल्या मलमलच्या. अन् तारा जाते ना आत, त्या भोकांना मेण लावलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही." ते उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी उभेच. "पेटीच्या काचेवर वाफ धरून राहिली होती. मोठी माणसं येणार, मेघना बेटीचं काम दाखवणार. आमच्या खात्यात पहिला धडा हाच, माल सूखा रहना चाहिए. ओल लागली की गेला माल. मले वाटलं, पोरीचा माल काहून खराब व्हावा."

"मग आठवडाभर बोलला का नाहीत?"

"पेटीला हात लावायचा नाही असा रूल हाय. अन् सगळे म्हणत होते तुकडा बदलला, तुकडा बदलला. तुकड्याले तर मी हात नाही लावला." त्यांचा आवाज बारीक झाला. "दीदी, माझ्यामुळं काही झालं का?"

त्यांच्या पानाच्या डाव्या बाजूला काय लिहायचं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून विचारलं, या पोरीचं तुम्हाला एवढं का.

"दरसाल नोव्हेंबरात पेन्शनसाठी जिंदा असल्याचा दाखला द्यावा लागते. मोबाईलवर अंगठा. माझा अंगठा घासून गेला, मशीन घेतच नाही. घरचे कंटाळले. ती बसली दोन तास. दहाही बोटं करून पाहिली. शेवटी डाव्या करंगळीनं मी जिंदा निघालो."

मी त्यांना डबा खायला लावला आणि मेघनाला, अनुपमला आणि सरांना पेटीपाशी बोलावलं.

मी फक्त तीन नोंदी वाचल्या. पंप, सिलिका जेल, मेण. पुढचं मी सांगायची गरज पडली नाही. मेघनाने टोपण खिशात ठेवलं.

"ओलावा," ती म्हणाली. "सर, ओलावा. मी ऑक्सिजन, ऑक्सिजन करत बसले. ऑक्सिजन हलतच नाहीये." ती भराभर बोलायला लागली. "हवेतलं पाणी. टिकलीच्या कडेला चार व्होल्टने पाणी तुटतं, हायड्रोजनचे आयन सुटतात, ते एवढुसे असतात, ऑक्साइडमधून सरळ कोबाल्टपर्यंत जातात. पेटी कोरडी केली की पाणी नाही, आयन नाही, काही नाही."

"म्हणजे तुझा तिसरा चॅप्टर..." अनुपम म्हणाला आणि थांबला.

"चुकीचा. पूर्ण." तिने हे असं सांगितलं की जणू कोणी तिला भेट दिली होती. "आकडे खरे, कारण चुकीचं."

"आधी बघू," सर म्हणाले. तेही बरोबरच होतं.

पिशव्या काढल्या. मेण खरवडलं. अनुपमने ओल्या स्पंजची वाटी आत ठेवली आणि झाकण लावलं. पाऊण तास आम्ही पाचजण एका पेटीकडे बघत उभे होतो. पुंडलिकभाऊ दाराशी, आत यायला तयार नाहीत.

मेघनाने चार व्होल्ट दिले. पडद्यावर चौकोन. मिनिट गेलं. चौकोनाचे खांदे गोल व्हायला लागले. मग तो एका बाजूला कलला, बारीक झाला, आणि पाचव्या मिनिटाला तिथे तिरकी रेघ होती.

सरांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

"पिशव्या परत घाल," ते अनुपमला म्हणाले. "दोन तासांनी पुन्हा मोज. तेव्हा परिणाम मेला तरच मानेन."

दोन तासांनी तो मेला. इतक्या आनंदाने कोणाचं मरण बघितलेलं मला आठवत नाही.

संध्याकाळी अनुपम घरी निघाला तेव्हा मेघना फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेली. त्या राखीच्या एकवीस मोजण्यांचं तिला कोणी सांगितलं, ते मी सांगणार नाही. मी शब्द दिला नव्हता, एवढंच.

७

गुरुवारी समितीपुढे मेघनाने पहिलंच वाक्य असं टाकलं: "माझं स्पष्टीकरण चुकलं होतं." मागच्या रांगेत मी वही मिटली. पण मग तिने एका बाजूला ओल्या पेटीचे आकडे लावले, दुसऱ्या बाजूला कोरड्या पेटीचे. मधे ते अकरा दिवस, कूलरच्या रजिस्टरातल्या तारखांसकट. 'नाही' लिहिलेलं पान तिने झाकलं नाही, रडू आल्याची ओळसुद्धा नाही.

समितीच्या अध्यक्षा मैत्रेयी मॅडम, बोलायला कडक. त्यांनी सगळं ऐकलं आणि अच्युत सरांना विचारलं, "तुम्ही एक पत्र देणार होतात असं कानावर आलं."

"टाइपिंगची चूक होती," सर म्हणाले. बत्तीस वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"छापायला पाठवलेला पेपर मागे घेऊन नव्याने लिहा. पहिल्यापेक्षा चांगला होईल," मॅडम म्हणाल्या. "कोरड्या मोजण्या या कामाचा कणा आहेत. त्या करायचं कोणाला सुचलं?"

"मोजल्या अनुपमने," मेघना म्हणाली. "पेटी कोरडी केली पुंडलिकभाऊंनी."

"ते कोणत्या विभागाचे?"

मेघना उठली, बाहेर गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. आपली चौकशी चाललीय असंच त्यांना वाटत होतं.

मॅडमनी हिंदीत विचारलं, "भैया, दाने कब डालते थे? कितने घंटे नीले रहते थे?"

पुंडलिकभाऊ ताठ उभे राहिले. "सुबह साढ़े सात बजे, मैडम. चार थैली, पाव-पाव किलो. पहले दिन ढाई बजे तक गुलाबी हो गए. मोम लगाने के बाद दूसरे दिन सुबह तक नीले. तीसरे दिन से मैं रोज बदलता था, गुलाबी हों या न हों."

"लिखा है कहीं?"

"लिखा नहीं. याद है."

मैत्रेयी मॅडमनी त्यांना पुढच्या रांगेतली खुर्ची दाखवली. मेघनाने वही उघडली, वर पाच ऑगस्ट अशी तारीख घातली आणि म्हणाली, "भाऊ, पहिल्यापासून सांगा. हळू सांगा."